साखर कारखान्यात हिस्टोरियन: एका गळीत हंगामाचा अनुभव

चिकोडी-निपाणी पट्ट्यातल्या एका साखर कारखान्यात मी इन्स्ट्रुमेंटेशन बघतो. बॉयलर अग्निप्रदीपनाच्या आधी हिस्टोरियन, म्हणजे यंत्रांवरचे आकडे वेळेसकट साठवणारं सॉफ्टवेअर, बसवला आणि अख्खा हंगाम त्यावर काढला. टेलिग्राफ नावाचं सॉफ्टवेअर डेटा उचलतं, इन्फ्लक्सडीबी या डेटाबेसची दुसरी आवृत्ती साठवते, ग्राफाना आलेख दाखवतो. तिन्ही फुकट. टॅग (एकेका मोजमापाचं नाव) मोजून पैसे घेणारी मोठी नावं पुढे केली असती तर फाइल अजून साहेबांच्या टेबलावरच असती.

इन्स्टॉलेशनबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, एका दुपारचं काम. खरी झटापट डेटा उचलताना होते. बॉयलरचा स्काडा, म्हणजे देखरेखीचा संगणक, जुन्या विंडोजवर. त्यावर डेटा देण्याची जुनी पद्धत ओपीसी डीए, म्हणजे ती ज्यावर चालते ते विंडोजचं डीकॉम आलंच. मायक्रोसॉफ्टने 14 मार्च 2023 पासून डीकॉमची सुरक्षा सक्तीची केली, ती बंद करायची पळवाटही ठेवली नाही. त्यामुळे नवं मशीन आणि जुना ओपीसी सर्व्हर यांचं सहसा पटत नाही. त्या भानगडीत पडूच नका. डेटाचं ओपीसी यूए या नव्या पद्धतीत रूपांतर करणारं सॉफ्टवेअर स्काडाच्याच मशीनवर टाका आणि तिथून पुढे 4840 या एकाच पोर्टवरून डेटा न्या. आमचं असंच चालू आहे, हंगामभर हात लावावा लागला नाही.

मॉडबस या यंत्रांच्या संवादभाषेची गंमत वेगळी. दशांशातला आकडा दोन रजिस्टरांत (आकड्यांच्या खणांत) येतो आणि कुठलं आधी हे ज्याचं त्याने ठरवलेलं. क्रम उलटा लागला तर 66.4 किलो दाबाच्या जागी उणे 10 कोटी 76 लाख दिसतात. हे बरंच म्हणायचं, चूक लगेच डोळ्यांत भरते. नेमका 67 चा दाब मात्र उलटा वाचला तर शून्य दिसतो आणि माणूस ट्रान्समीटर (दाब मोजून पाठवणारं उपकरण) खोलायला धावतो. टेलिग्राफमध्ये बाइटच्या क्रमात एबीसीडीच्या जागी सीडीएबी लिहिलं की काम झालं.

आता मुख्य मुद्दा. कोणता टॅग किती वेळाने घ्यायचा, हे सॉफ्टवेअरच्या निवडीपेक्षा महत्त्वाचं आहे. सगळंच सेकंदाला घेऊ म्हटलं तर 300 टॅगांचे दिवसाला 2 कोटी 59 लाख आकडे होतात. डिस्कला त्याचं फारसं ओझं नाही, पण वायरला आहे. एनर्जी मीटर 9600 बॉड वेगाच्या आरएस-485 या वायरवर एका माळेत आहेत. एका वेळी जास्तीत जास्त 125 रजिस्टर वाचता येतात आणि तेवढं उत्तर यायलाच पाव सेकंदाहून जास्त लागतो. माळेत दहा मीटर असले की सेकंदाचा हट्ट सोडावा लागतो. मीटरला मिनिट पुरे, इव्हॅपोरेटरच्या (रस आटवणाऱ्या भांड्याच्या) लेव्हलला पाच-दहा सेकंद. ड्रम लेव्हल (बॉयलरच्या ड्रममधली पाण्याची पातळी), वाफेचा दाब, स्टीम फ्लो (वाफेचा प्रवाह) आणि फीड वॉटर (आत जाणारं पाणी) यांना मात्र सेकंदच हवा. का ते सांगतो.

रात्री 8 ते 4 च्या पाळीत बॉयलर लो लेव्हलवर ट्रिप झाला, म्हणजे पाणी कमी झाल्याने आपोआप बंद पडला. लॉगशीटवर बाराला 50 टक्के, एकला 50 टक्के, अक्षर सुंदर. सेकंदाचा आलेख उघडला. चोक झालेली मिल परत सुरू झाली, टर्बाइनने वाफ ओढली, दाब पडला, आणि लेव्हल खाली जायची सोडून वर चढली. दाब उतरला की ड्रमच्या पाण्यातले बुडबुडे फुगतात आणि नसलेलं पाणी असल्यासारखं दिसतं, तो हा स्वेल. लेव्हल वर दिसली म्हणून कंट्रोलरने फीड वॉटरचा व्हॉल्व्ह आवळला. मग बुडबुडे बसले आणि लेव्हल कोसळली. स्टीम फ्लो वाढलेला दिसला असता तर लेव्हल, स्टीम फ्लो आणि फीड वॉटर तिन्ही बघणाऱ्या थ्री-एलिमेंट कंट्रोलने व्हॉल्व्ह सावरला असता. पण त्या आलेखात सरळ रेष. ट्रान्समीटरपर्यंत दाब नेणारी बारीक नळी, म्हणजे इम्पल्स लाइन, चोक होती. मिनिटाच्या सरासरीत हा सगळा खेळ दोन ठिपक्यांत आटोपला असता.

ती सरळ रेष ट्रान्समीटरकडूनच आली होती हे ठामपणे सांगता आलं, कारण त्या टॅगवर गाळणी लावलेली नव्हती. न बदललेले आकडे टाकून द्यायची सोय टेलिग्राफमध्ये आहे, तिला डीडुप म्हणतात. महागड्या हिस्टोरियनमध्ये अशाच कामाला डेडबँड (किरकोळ बदल सोडणं) आणि स्विंगिंग डोअर (सरळ उतारावरचे मधले आकडे सोडणं) असतात. जागा वाचते, पण साठवतानाच टाकलेलं मागाहून कुणालाच काढता येत नाही. सुरक्षेशी संबंध असलेल्या टॅगला गाळणी नको, या मताला मी आता चिकटून आहे.

बॉयलरवरच्या मामांनी पहिल्याच आठवड्यात विचारलं, "साहेब, हे आमच्यावर नजर ठेवायला हाय काय?" शंका रास्तच होती. त्या ट्रिपनंतर दोष पाळीवर येत होता, तो आलेखाने इम्पल्स लाइनवर नेला. तेव्हापासून कंट्रोल रूममधल्या स्क्रीनची बाजू मामाच घेतात. पॅनेलची नावं मराठी आणि कन्नड दोन्हींत टाकली आहेत, ग्राफानाला त्याचं वावडं नाही. अथणीकडच्या फिटरांनी कन्नड शुद्धलेखनही सुधारून दिलं.

तक्रारी आहेतच. इन्फ्लक्स सगळं यूटीसीत, म्हणजे भारताच्या साडेपाच तास मागच्या जागतिक वेळेत ठेवतं, त्यामुळे रोजची बेरीज मागितली की दिवस पहाटे साडेपाचला सुरू होतो. क्वेरीत टाइमझोन घातल्याशिवाय पाळीचे आकडे जुळत नाहीत. पीएलसी (यंत्रं चालवणारा कंट्रोलर) आणि स्काडाची घड्याळं एनटीपीने, म्हणजे नेटवर्कवरून वेळ जुळवून, आधी एकत्र आणा, नाहीतर कारण आणि परिणाम उलटे दिसतील. सर्व्हर बंद पडला तर टेलिग्राफ मुळात 10,000 नोंदीच मेमरीत धरतो. प्रत्येक टॅगची वेगळी नोंद, पाच सेकंदांनी 300 टॅग, असा हिशोब असेल तर तीन मिनिटांत तो भरतो आणि जुन्या नोंदी गळायला लागतात. हा आकडा वाढवून घ्या. आणि इन्फ्लक्सच्या दुसऱ्या आवृत्तीतली क्वेरीची फ्लक्स भाषा तिसऱ्या आवृत्तीत नाही, तिथे एसक्यूएल आहे. आता नव्याने बसवणाऱ्याने हे बघूनच आवृत्ती ठरवावी.

कंट्रोलचं नेटवर्क ऑफिसच्या लॅनला सरळ जोडू नका, कितीही आग्रह झाला तरी. मध्ये फायरवॉल ठेवा आणि टेलिग्राफला फक्त वाचू द्या.

लॅबचे ब्रिक्स (रसातले विरघळलेले घन पदार्थ), पोल (साखरेचं प्रमाण) आणि बगॅसची (उसाच्या चिपाडाची) आर्द्रता आमच्याकडे अजून वहीतच आहे. ते आल्याशिवाय बॉयलरचा हिशोब अर्धाच राहतो, कारण ओला बगॅस आला की दाब कुणी कितीही धरला तरी उतरतो. ऑफ सीझनमध्ये लॅबवाल्यांशी बसायचं ठरलंय.