बँकेने कापलेलं शुल्क परत मागायचंय: शाखा, लोकपाल की ग्राहक आयोग?

पासबुकात 590 रुपये वजा झालेले दिसतात आणि समोर ‘एमएबी चार्जेस’ (एमएबी म्हणजे मासिक सरासरी शिल्लक) एवढंच छापलेलं असतं. 500 रुपये किमान शिल्लक न ठेवल्याचा दंड आणि त्यावर 18 टक्के जीएसटी. हे पैसे परत मागण्याचे मार्ग तीन: बँकेची शाखा, रिझर्व्ह बँकेचा लोकपाल (बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारा अधिकारी) आणि जिल्हा ग्राहक आयोग. त्यातला कोणता धरायचा हे रकमेपेक्षा एका प्रश्नावर ठरतं: बँकेने नियम मोडून पैसे घेतले, की नियमात बसवून जास्त घेतले?

किमान शिल्लकीचे रिझर्व्ह बँकेचे नियम 1 एप्रिल 2015 पासून लागू आहेत. शिल्लक कमी पडली की बँकेने आधी एसएमएस, ईमेल किंवा पत्राने कळवायचं आणि ती भरून काढायला किमान एक महिना द्यायचा. दंड कमी पडलेल्या रकमेच्या प्रमाणात हवा. 10,000 च्या जागी 9,400 असतील तर हिशेब 600 चा. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे केवळ या दंडामुळे बचत खातं उण्यात जाता कामा नये. पगार थांबलेल्या जुन्या खात्यांत नेमकं हेच होताना दिसतं: दंड साचत जातो आणि पुढे कधीतरी पैसे जमा झाले की ते त्यातच जातात. खातं निष्क्रिय ठरलं असेल, तर 1 एप्रिल 2024 पासून त्यावर हा दंड लावताच येत नाही.

एटीएममधून नोटा आल्या नाहीत पण खात्यातून पैसे गेले, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत ते परत आले पाहिजेत. त्यापुढे दिवसाला 100 रुपये भरपाई, तीही तक्रारीची वाट न पाहता. बँक मूळ रक्कम परत करते आणि भरपाई राहून जाते. म्हणून दोन्ही तारखा मोजून ती वेगळी मागा.

दंडाचा दर किती असावा हे मात्र बँकेचं संचालक मंडळ ठरवतं. ‘500 रुपये फार होतात’ एवढ्याच मुद्द्यावर लोकपालाकडे गेलात, तर बँकेचा व्यावसायिक निर्णय म्हणून तक्रार ऐकून न घेताच बंद होऊ शकते. ‘सूचना न देता 500 रुपये कापले’ असं लिहिलं की तीच तक्रार टिकते.

शाखेत लेखी तक्रार. हा टप्पा चुकवता येत नाही, कारण पुढची मुदत इथून मोजली जाते. काउंटरवरचं बोलणं तक्रारीत धरलं जात नाही. बँकेच्या तक्रार पोर्टलवर किंवा ईमेलने नोंदवा आणि तक्रार क्रमांक जपून ठेवा. कागदावर दिलीत तर दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्या. मजकूर छोटा ठेवा: प्रत्येक कपातीची तारीख, रक्कम, त्यावरचा जीएसटी, मोडलेला नियम आणि ‘कपातीपूर्वी पाठवलेल्या सूचनेची प्रत द्यावी’ ही मागणी. ही प्रत बँकेला देता आली नाही, तर तुमची बाजू तिथेच भक्कम होते. एका वेळचा दंड ‘सदिच्छेने’ परत देऊन विषय मिटवण्याची तयारी अनेकदा दाखवली जाते. पैसे घ्या, पण ‘तक्रार मिटली’ असं लिहून देऊ नका. मोठ्या बँकांत तक्रार फेटाळण्याआधी ती अंतर्गत लोकपालाकडे (बँकेनेच नेमलेला, फेटाळायच्या तक्रारी पुन्हा तपासणारा अधिकारी) जायलाच हवी. उत्तरात तसा उल्लेख आहे का, ते पाहा.

रिझर्व्ह बँकेचा लोकपाल. नियमभंग स्पष्ट असेल, तर आमची पसंती यालाच. फी नाही, वकील नाही. उलट, वकिलामार्फत केलेली तक्रार घेतलीच जात नाही. 2021 च्या एकात्मिक लोकपाल योजनेनुसार 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस या तक्रार पोर्टलवर तक्रार करता येते. चौकशीसाठी क्रमांक 14448. उत्तर मिळाल्यापासून एक वर्षाची मुदत असते. तक्रारी अडतात त्या साध्या कारणांनी: 30 दिवस पुरे व्हायच्या आत दाखल केली, बँकेकडे केलेल्या तक्रारीचा पुरावा जोडला नाही, किंवा तोच वाद आधीच कोर्टात आहे.

जिल्हा ग्राहक आयोग. चुकीच्या शुल्कामुळे कर्जाचा हप्ता परत गेला, त्यावर दुसरीकडे दंड बसला, सिबिल स्कोअर घसरला, असं साखळीने नुकसान झालं असेल आणि साक्षीपुराव्याने ते सिद्ध करायचं असेल, तर इथे जा. करारातल्या अटीच अन्यायकारक आहेत हा मुद्दाही इथे मांडता येतो. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, ई-जागृती पोर्टलवरून दाखल करता येते. सेवेसाठी मोजलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर फी नाही, आणि स्वतः बाजू मांडता येते. कायद्यात निकालासाठी तीन महिने लिहिलेत. प्रत्यक्षात त्याहून बराच वेळ लागतो, तारखांना जावं लागतं. फक्त 590 रुपयांसाठी हा मार्ग आम्ही सुचवणार नाही. मुदत दोन वर्षांची, आणि ती वादाचं कारण घडल्यापासून मोजतात. लोकपालाच्या निकालाची वाट पाहताना ती उलटू देऊ नका.

खातं पतसंस्थेत असेल तर लोकपालाचा मार्ग बंद. पतसंस्थेवर रिझर्व्ह बँकेचं नियंत्रण नसतं. तिथली तक्रार सहकार खात्याच्या निबंधकांकडे करायची. नागरी सहकारी बँकेचं तसं नाही: ठेवी 50 कोटी किंवा जास्त असतील, तर ती योजनेत येते.

तक्रार चालू असतानाही पुढचा दंड लागू शकतो. तो थांबवायला खातं मूलभूत बचत खात्यात बदलून द्या, असा लेखी अर्ज त्याच दिवशी करा. त्याला किमान शिल्लकीची अटच नाही. त्या बँकेत दुसरं बचत खातं मात्र ठेवता येत नाही, म्हणून आधी ते पाहून घ्या.