मॅचच्या रात्रीचे चीज फ्राइज: पाकीट, चीज आणि शेंगाचटणीची पारख

चीज घातलेले फ्राइज बिघडतात ते पाण्यामुळे. बटाट्याच्या पोटातली वाफ बाहेरचा कुरकुरीत थर मऊ करते, सॉस वरून झिरपतो, चिरलेल्या टोमॅटोचे पाणी तळाशी साचते. आठ माणसे टीव्हीसमोर बसली आहेत, परात मधोमध आहे आणि तिसऱ्या ओव्हरलाच खालचे फ्राइज लिबलिबीत झालेत, हे टाळायचे तर खरेदीपासूनच लक्ष हवे. म्हणून सोलापुरात सहज मिळणाऱ्या तीन वस्तू याच एका कसोटीवर पाहू: फ्रोझन फ्राइज, चीज आणि आपली शेंगाचटणी.

आधी फ्राइज. भाजीचा बटाटा कापून तळायचा मोह सोडावा. त्यात पाणी जास्त असते. शिवाय शीतगृहात राहिलेल्या बटाट्यात थंडीने स्टार्चची साखर होते आणि असा बटाटा आतून शिजायच्या आधीच बाहेरून काळपट पडतो. फ्राइजसाठी कुफ्री फ्रायसोनासारखे वेगळे वाण लागते, ज्यात कोरडा गर जास्त आणि साखर कमी. पाकिटातला बटाटा कारखान्यात गरम पाण्यातून काढून, सुकवून, एकदा अर्धवट तळून मग गोठवलेला असतो. आपल्याकडे उरते ते फक्त शेवटचे तळण.

मॅककेनचे ४२० ग्रॅमचे पाकीट बहुतेक फ्रीझरवाल्या दुकानांत दिसते. आठ जणांना अशी तीन पाकिटे पुरतात, म्हणजे माणशी दीडशे ग्रॅम. कंपनी कोणतीही असो, पाकिटामागची घटकांची यादी वाचा. बटाटा आणि तेलाशिवाय तांदळाचे पीठ किंवा स्टार्च लिहिलेले असेल तर फ्राइजवर पातळ आवरण आहे. चीजखाली असे फ्राइज साध्यांपेक्षा बऱ्यापैकी जास्त टिकतात, म्हणून या कामाला तेच घ्यावेत. जाडी साधारण करंगळीएवढी हवी. काडीसारखे बारीक फ्राइज नुसते खायला छान, पण सॉस पडला की मोडतात. नागमोडी कापाचे फ्राइज सॉस चांगला धरतात आणि परातीतून उचलायलाही सोपे, त्यामुळे माझी पहिली पसंती त्यांना.

सोलापूरच्या उन्हाळ्यात खरी परीक्षा दुकान ते घर या प्रवासात होते. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार असताना होटगी रोडवरून जुळे सोलापूरपर्यंत पिशवी नुसती हँडलला लटकवून आणली तर कडेचे फ्राइज घरी येईपर्यंत मऊ पडू लागतात. दुकानात आधी पाकीट हलवून पाहा. आत तुकडे सुटे वाजले तर ठीक. सगळा एक गोळा लागत असेल तर माल मध्ये कधीतरी वितळून पुन्हा गोठला आहे, तो परत ठेवा. वीज गेल्यावर दुकानाच्या फ्रीझरचे काय होते हे इथे कुणाला सांगायला नको. बाकीची खरेदी आधी, फ्राइज सगळ्यात शेवटी, आणि सोबत वर्तमानपत्रात गुंडाळलेली बर्फाची पिशवी.

तळताना फ्राइज वितळू द्यायचे नाहीत, फ्रीझरमधून थेट तेलात. मात्र वर बर्फाचा पांढरा भुगा असेल तर तो झटकून टाका, नाहीतर तेल उसळते. मोठ्या कढईत दीड लिटर तेल, कढई निम्म्याच्या वर भरलेली नको, आणि एका घाण्याला २०० ते २५० ग्रॅम, त्याहून जास्त नाही. बहुतेक घरी चूक होते ती इथेच. अख्खे पाकीट एकदम ओतले की तेल एकाएकी थंड होते, फ्राइज तेल पितात आणि मग कितीही वेळ ठेवले तरी कुरकुरीत होत नाहीत. तेल १७५ ते १८० अंशांवर हवे. थर्मामीटर नसेल तर एक फ्राय टाकून पाहा: लगेच बुडबुडे येऊन तो वर आला तर तेल तयार, तळाशी बसून राहिला तर थांबा. साडेतीन-चार मिनिटांत बुडबुड्यांचा जोर ओसरतो, म्हणजे पाणी बरेचसे निघून गेले. तेव्हाच काढायचे.

तेलाबद्दल एक गोष्ट. आपल्या भागात करडईच्या तेलाची सवय आहे, आणि भाजी-आमटीला ते उत्तमच. पण पारंपरिक करडई तेल वारंवार तापवले की लवकर खराब होते, फेसाळते. सलग पाच-सहा घाणे काढायचे तर शेंगदाण्याचे तेल घ्या. काढलेले फ्राइज कागदावर पसरू नका, खालची वाफ कोंडून ते मऊ पडतात. पिठाची मोठी चाळणी किंवा तारेची जाळी घ्या, म्हणजे हवा खालूनही खेळते. आणि तेलाने पेट घेतलाच तर गॅस बंद करून झाकण टाका, पाणी कधीच नाही.

एअर फ्रायरला २०० अंशांवर १५ ते १८ मिनिटे, मध्ये दोनदा हलवून. दोघा-तिघांना ठीक. आठ जणांसाठी तीन फेऱ्या होतात आणि पहिली फेरी गार झालेली असते, त्यामुळे पार्टीला कढईच बरी.

आता चीज. इथे घाईत मोझरेला घेतला जातो, कारण जाहिरातीतली तार डोक्यात असते. गरम असताना तार छान निघते, हे मान्य. पण मोझरेला गार होताच रबरासारखा घट्ट होतो, आणि उन्हाळ्यात पंखा पाचावर फिरत असताना परात गार व्हायला वेळ लागत नाही. मग एक फ्राय उचलला की अख्खी चादर वर येते. प्रोसेस्ड चीजमध्ये चरबी आणि प्रथिने एकत्र धरून ठेवणारे क्षार असतात, म्हणून ते वितळले तरी तूप सुटत नाही आणि सॉस गुळगुळीत राहतो. अमूलच्या क्यूबचा २०० ग्रॅमचा डबा, म्हणजे २५ ग्रॅमचे आठ क्यूब, या मापाला नेमका बसतो. लेबलवर ‘खाद्य वनस्पती तेल’ किंवा ‘अॅनालॉग’ दिसले तर ते चीज नाही. स्वस्त मिळते, पण तोंडात मेणचट थर ठेवते. ते घेऊ नका.

सॉसचे माप: २५ ग्रॅम लोणी, २० ग्रॅम मैदा, ४०० मिली दूध, आठ क्यूब किसून. लोण्यात मैदा मंद आचेवर दोन मिनिटे परता, रंग बदलू द्यायचा नाही. दूध थोडे थोडे घालत ढवळा. एकदम ओतले की गुठळ्या होतात. एक उकळी येऊन चमच्यावर थर धरू लागला की गॅस बंद करा आणि मग चीज घाला. मीठ अजिबात नको, चिमूटभर मिरपूड चालेल. सॉस जरा घट्टच ठेवा: चमच्यातून दह्यासारखा पडायला हवा, ताकासारखा पातळ झाला तर फ्राइज भिजलेच. पातेले गरम पाण्याच्या दुसऱ्या पातेल्यात ठेवले की तासभर मऊ राहतो. साय धरली तर चमचाभर गरम दूध घालून फेटा.

आणि शेंगाचटणी. चीज फ्राइजवर लोक साल्सा, केचप, मेयोनीज काय काय ओततात, आणि प्रत्येकात पाणी. सोलापुरी शेंगाचटणी कोरडी असते, तिच्यात असते ते शेंगदाण्याचे स्वतःचे तेल. त्यामुळे ती फ्राइज भिजवत नाही, उलट लसूण आणि तिखटाने चीजचा जडपणा मोडते. याहून योग्य गोष्ट या पदार्थाला मला तरी माहीत नाही. नवी पेठेत किंवा घराजवळ जिथे घ्याल तिथे चिमूटभर चटणी मुठीत दाबून पाहा. कुटलेली असेल तर तेल सुटून तिचा गोळा धरतो. मिक्सरवर भर्रकन फिरवलेली भुग्यासारखी सुटते, आणि फ्राइजवरून घसरून परातीच्या तळाशी जाते. खवट वास आला तर अर्थातच नको.

आठ जणांना ६० ते ७० ग्रॅम पुरे. सॉसमध्ये मिसळू नका, शेंगदाणा ओल ओढतो आणि सॉसचा लगदा होतो. सॉस गरम असतानाच वरून भुरभुरवा, म्हणजे चिकटून राहते. चीजमध्ये मीठ आहे, चटणीतही आहे, त्यामुळे फ्राइजवर वेगळे मीठ टाकले की खारट झालेच म्हणून समजा.

खोल भांडे टाळा, पसरट परात घ्या. फ्राइजचा एक थर, त्यावर सॉसच्या रेघा, चटणी, मग दुसरा थर आणि पुन्हा तेच. सगळा सॉस वर ओतला तर खालच्यांच्या वाट्याला नुसता बटाटा येतो. कांदा बारीक चिरून पिळून घ्या, टोमॅटो घालायचाच तर बिया काढून. डाळिंबाचे दाणे आपल्याकडचे, चवीला फार छान लागतात, पण वाटीत वेगळे ठेवा, परातीत फुटले की रस सुटतो.

सजवलेली परात आठ-दहा मिनिटेच चांगली राहते. म्हणून तिन्ही पाकिटे एकदम काढू नका. साडेसातच्या सामन्याला सातला टॉस होतो, तेव्हा तेल तापत ठेवा आणि पहिली परात पहिल्या चेंडूआधी द्या. दुसरी इनिंगच्या मधल्या सुटीत, ती वीसेक मिनिटांची असते, तेवढ्यात दोन घाणे आरामात निघतात. तिसरे पाकीट फ्रीझरमध्येच राहू द्या, सामना रंगला तर शेवटच्या पाच ओव्हरआधी काढा. सॉस आणि चटणी उरली तर दुसऱ्या दिवशी कडक भाकरीच्या तुकड्यांवर घालून खा. ज्वारीची कडक भाकरी सॉसखाली फ्राइजपेक्षाही जास्त वेळ कुरकुरीत राहते.