समुद्रघोडा: पैदाशीतला घ्यावा की समुद्रातून पकडलेला?

भारतात हा प्रश्नच येत नाही. 2001 पासून समुद्रघोड्यांना वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. पकडणे, विकणे दोन्ही गुन्हा. अमेरिकेत मत्स्यटाकी ठेवणाऱ्या मराठी हौशींना मात्र दोन्ही मिळू शकतात: समुद्रातून पकडलेला, आणि पैदाशीतला म्हणजे माणसाच्या देखरेखीत जन्मलेला.

पकडलेला घोडा बहुधा फक्त हलणारी शिकार ओळखतो. फ्रोझन मायसिस (गोठवलेले, झिंग्यांसारखे बारीक जीव) तळाशी पडून कुजते, पाण्यात विषारी अमोनिया वाढतो. समुद्रघोड्याला जठर नसते, अन्न झटपट पुढे सरकते. त्यामुळे थोड्या दिवसांचा उपासही जिवावर बेततो. रोज जिवंत झिंगे पुरवायची तयारी आहे का? शिवाय परजीवी सोबत येतात, म्हणून सहा आठवडे तरी वेगळी टाकी.

पैदाशीतला महाग, पण फ्रोझन मायसिसला सरावलेला. दिवसातून दोन-तीनदा घालावी. पैसे देण्याआधी विक्रेत्याला समोर खायला घालून दाखवायला सांगा. आणि नीट विचारा: ‘वाढवलेला’ म्हणजे काही वेळा समुद्राच्या उघड्या पाण्यात वाढवलेला, रोगजंतूंसह. आमची शिफारस ठामपणे पैदाशीतल्याचीच.

टाकी दोघांनाही सारखीच. जोडीसाठी सुमारे 110 लिटर, उंची निदान 45 सेंटीमीटर, शेपटीने धरायला फांद्या, पंपाच्या तोंडाला स्पंज. नव्या टाकीतले अमोनिया आणि नायट्राइट ही विषारी द्रव्ये शून्यावर स्थिरावेपर्यंत, साधारण चार ते सहा आठवडे, घोडा आणू नये. तापमान 22 ते 24 अंश; त्यावर गेले की व्हिब्रिओ हे रोगकारक जिवाणू फोफावतात.

दोन्ही प्रकार एकाच टाकीत कधीही ठेवू नका. पकडलेला ज्या जंतूंसह तगून राहतो, ते पैदाशीतल्याला मारू शकतात.