सरकारी हायस्कूल, दोन वर्षांचा अनुभव

पोरगं नववीत हाय. आठवीला घातलं तवा भावकीनं येड्यात काढलं, म्हणे तिथं कोण जातंय. कोण जातंय सांगतो, फाउंड्रीतल्या कामगारांची पोरं, भाजीवाल्या मावशीची पोरगी, दोघं यूपीचे, एक घरात कन्नड बोलणारं. शाहू महाराजांनी १९१७ ला मोफत सक्तीचं शिक्षण काढलं ते असल्याच पोरांसाठी की ओ!

गणिताच्या मॅडम लई भारी, यूपीच्या पोराला अपूर्णांक भाकरीचे तुकडे करून दाखवला, तिथंच आमच्याचंबी डोकं चाललं.

निकालाचं मात्र गेटवर नुसतं "उज्ज्वल यश". दहावीला सहा विषय पण टक्के बेस्ट ऑफ फाइव्हनं, म्हंजे जास्त मार्कांचे पाच विषय घेऊन, ५०० पैकी धरतात, त्यात विषयाला २० मार्क शाळेच्याच हातात, मग नुसत्या "यशा"वरनं काय कळतंय, म्हणून मी इचारलं डिस्टिंक्शन किती आणि काठावर पास किती, तर क्लार्क म्हणतोय मुख्याध्यापकांना भेटा, आणि मुख्याध्यापक मीटिंगला. तीन फेऱ्या झाल्या.

इंग्रजीला सर न्हाईत जूनपास्नं. पोषण आहार आठवीपर्यंतच, आता डबा इसरला की वडापाव. पोरींच्या बाथरूमला कडी न्हाई, हे पयलं करा.

पाचपैकी साडेतीन, त्यातले दोन मॅडमचे.