नऊ महिने, दोन सीड्या, बावीस रचना: मॉडर्न जॅझ क्वार्टेटचा 'द कम्प्लीट लास्ट कॉन्सर्ट'

मॉडर्न जॅझ क्वार्टेट या चार वादकांच्या जॅझ चमूच्या निरोपाच्या कार्यक्रमाचा हा संच घरी येऊन आता नऊ महिने होतील. आला त्याच आठवड्यात लिहायला बसलो होतो, पण तेव्हा लिहिलं असतं ते या चौघांवरच्या चाळीस वर्षांच्या प्रेमापोटी लिहिलं गेलं असतं. या दोन सीड्यांबद्दल सांगण्यासारखं तेव्हा माझ्याकडे फार नव्हतं. म्हणून थांबलो आणि ऐकत राहिलो. रात्री जेवणं झाल्यावर तास-दीड तास, जवळजवळ रोज.

वस्तूबद्दल आधी बोलतो, कारण ते लवकर संपेल. जुन्या सीड्या विकणाऱ्या एका माणसाकडून टपालाने मागवला. डबीची बिजागरी तुटलेली, पुस्तिकेला कधीतरी ओल लागून दोन पानं चिकटलेली. 'उत्तम स्थिती' असं लिहिलं होतं. तक्रारीला उत्तर आलं नाही. दुसरी सीडी सुरुवातीला अडखळायची. मऊ सुती कापड किंचित ओलं करून मधून कडेकडे सरळ रेघेत पुसली, गोल फिरवून नाही. तेव्हापासून एकदाही अडकलेली नाही. पावसाळ्यात प्लेअरनेच दोनदा दगा दिला, त्यात संचाचा काही दोष नाही.

आता गाण्याबद्दल. हा कार्यक्रम २५ नोव्हेंबर १९७४ चा, न्यूयॉर्कच्या एव्हरी फिशर हॉलमधला. पियानोवर जॉन लुइस, व्हायब्राफोनवर मिल्ट जॅक्सन, डबल बासवर पर्सी हीथ, ड्रम्सवर कॉनी के. १९५२ पासून बावीस वर्षं एकत्र वाजवून हे लोक त्या वर्षी वेगळे झाले होते आणि निरोपासाठी म्हणून पुन्हा जमले होते. यातले पहिले तिघे मूळपासूनचे. ड्रम्सवर आधी केनी क्लार्क होता, १९५५ मध्ये त्याच्या जागी कॉनी के आला. आणि हे सगळं उगवलं कुठून, तर ट्रम्पेटवादक डिझी गिलेस्पीच्या १९४६ च्या मोठ्या बँडमधून. त्या बँडमध्ये ट्रम्पेटवाल्यांना इतकं वरच्या पट्टीत वाजवावं लागायचं की त्यांना दम खायला वेळ हवा असे. त्या मधल्या वेळात लुइस, जॅक्सन, क्लार्क आणि तेव्हाचा बासवादक रे ब्राउन एवढेच वाजवत. विश्रांतीच्या वेळात जन्मलेलं हे संगीत आहे, आणि तो निवांतपणा त्याने शेवटपर्यंत सोडला नाही.

माझ्या वाट्याला ते १९८४ मध्ये आलं. मामा बोटीवर होता. त्याने कुणाकडून तरी त्यांच्या १९६० च्या स्वीडनमधल्या कार्यक्रमाची रेकॉर्ड कॅसेटवर उतरवून आणली होती. मी पंधरा वर्षांचा. गिरगावातल्या आमच्या दोन खोल्यांत तोवर हार्मोनियम, तबला, तंबोरा आणि रेडिओ एवढेच आवाज. बाबा हार्मोनियमची संगत करायचे, ख्यालगायकांची आणि कीर्तनकारांचीही. त्यांनी ती कॅसेट पाठमोरं बसून, भाजी निवडता निवडता ऐकली. पंधरा-वीस मिनिटांनी म्हणाले, "तो पियानोवाला आहे ना, तो संगत फार चांगली करतो. समोरच्याला जागा ठेवतो."

चाळीस वर्षांत या क्वार्टेटबद्दल मी जे काही वाचलं, त्यात याहून नेमकं काही मिळालं नाही. उलट एक तक्रार वारंवार वाचली: जॅक्सन म्हणजे ब्लूजमध्ये, कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या त्या भावगर्भ गाण्यात, मुरलेला, मोकळा, रसरशीत वादक, आणि लुइसने त्याला फ्यूग नि सूट या युरोपीय शास्त्रीय संगीतातल्या रचनाप्रकारांच्या चौकटीत कोंडला. शिवाय टक्सिडो घालून मैफिलीच्या सभागृहात बसवला. ही तक्रार मला कधीच पटली नाही, पण ती का पटत नाही हे नीट सांगताही यायचं नाही. या संचाने ते सांगायला शिकवलं.

त्यासाठी जॅक्सनचं वाद्य थोडं जवळून बघावं लागेल. व्हायब्राफोन म्हणजे धातूच्या पट्ट्या आणि प्रत्येकीखाली नळी. नळीच्या तोंडाशी एक चकती असते आणि छोटी मोटर ती फिरवते. चकती नळीचं तोंड उघडते, झाकते, म्हणून स्वर लाटेसारखा येतो. आपल्याकडे जुन्या हिंदी गाण्यांच्या सुरावटींत हा आवाज इतका ऐकलाय की नाव माहीत नसलं तरी कान ओळखतो. जॅक्सनच्या आधीचा नामवंत व्हायब्राफोनवादक लायनेल हॅम्प्टन ही मोटर सेकंदाला दहाएक फेऱ्यांनी फिरवायचा, त्यामुळे त्याचा स्वर थरथरतो. जॅक्सनने ती साडेतीनच्याही खाली आणली. एवढ्याने वाद्याचा स्वभावच बदलला. स्वर श्वास घेतोय असं वाटायला लागतं. मला तो दरबारीतल्या गंधाराच्या आंदोलनासारखा वाटतो. काटेकोर बोलायचं तर आंदोलनात स्वर स्वतः हलतो आणि इथे फक्त आवाज कमीजास्त होतो, तरी कानाला पडणारा परिणाम भावंडासारखा आहे. धातूच्या वाद्यातून माणसाचा गळा काढायचा आणि तोही घाई न करता.

अशा स्वराला मागे शांतता लागते. दाट साथ असेल तर ती लाट ऐकूच येणार नाही. लुइस नेमकं हेच जाणतो. जॅक्सन वाजवत असतो तेव्हा लुइस दोन-तीन सुरांची छोटी वाक्यं टाकतो. ती स्वतंत्र सुरावट म्हणूनही गाता येतील अशी असतात, पण कधीच पुढे येत नाहीत. बऱ्याच पियानोवाल्यांसारखा तो हातभर कॉर्ड्स, म्हणजे एकदम तीन-चार सूर, दाबून ठेवत नाही. बाबांच्या शब्दांत, जागा ठेवतो. पहिल्या सीडीवर 'राउंड मिडनाइट' लावा आणि फक्त पियानोकडे लक्ष ठेवून ऐका, मग दुसऱ्यांदा फक्त व्हायब्राफोन. नंतर सांगा, कोण कुणाला कोंडतंय.

दुसरी तक्रार अशी की हे लोक वर्षानुवर्षं तेच तेच वाजवत राहिले. हो, राहिले. गिटारवादक जँगो राइनहार्ट १९५३ मध्ये गेला, त्याच्या आठवणीत लुइसने बांधलेली 'जँगो' पहिल्यांदा डिसेंबर १९५४ मध्ये ध्वनिमुद्रित झाली. माझ्याकडे ती, मामाच्या कॅसेटवरची १९६० ची आणि आता ही १९७४ ची, अशा तीन आहेत. मार्चमध्ये एका रविवारी तिन्ही ओळीने लावल्या. बाबा शेजारी होते, आता चौऱ्याऐंशीचे आहेत. संथ सुरुवात झाली, शोकगीतासारखी, आणि मग लय उचलून जॅक्सन एकल वाजवू लागला. बाबांची बोटं मांडीवर मोजायला लागली. पहिल्या आवर्तनाला गडबडले, दुसऱ्यालाही. तिसऱ्या वेळी म्हणाले, "सहा, सहा, आठ, चार, आठ. बेरीज बत्तीस." बरोबर होतं. जॅझमध्ये बत्तीस बारचं (बार म्हणजे मात्रांचा एक ठराविक गट) आवर्तन नेहमीचंच, पण ते आठ-आठच्या चार सरळ तुकड्यांत असतं. लुइसने तेच बत्तीस असे वाकडे कापले आहेत. ऐकणाऱ्याला एरवी कळत नाही, फक्त दर वेळी काहीतरी अपेक्षेच्या थोडं आधी किंवा थोडं नंतर येतंय एवढं जाणवतं. मधल्या आठात बास एकाच सुरावर धरून राहतो, शेवटच्या आठात हीथची ठसकेबाज ब्लूजची चाल येते. त्या चालीची वाट बघत बघत सगळं आवर्तन पुढे सरकतं, समेची बघावी तशी.

म्हणजे ही बंदिश आहे. आणि बंदिश वीस वर्षं गायली म्हणून कुणी गवयाला दोष देत नाही. १९५४ ची सावध आहे, नवं घर बघतात तशी. १९६० ची आत्मविश्वासाची. १९७४ च्या वादनात तो वाकडा कापलेला हिशेब कुणी मोजतच नाहीये, तो चौघांच्या अंगात उतरलाय. तिन्हींत मला हीच जास्त आवडते, हे मार्चआधी मी कबूल केलं नसतं.

नऊ महिन्यांनी कोण पुढे आला म्हणाल तर कॉनी के. इतकी वर्षं मी त्याला गृहीत धरून होतो. हा माणूस आधी रिदम अँड ब्लूजच्या रेकॉर्डिंगला वाजवायचा. बिग जो टर्नरच्या १९५४ च्या 'शेक, रॅटल अँड रोल'वर ठणकावून वाजणारे ड्रम्स त्याचे. तोच माणूस पुढच्या वर्षी इथे येऊन ट्रँगल, बोटात धरायच्या छोट्या झांजा आणि घंटा घेऊन बसतो. 'द गोल्डन स्ट्रायकर' ऐकताना सुरुवातीला मी मोबाइलवरून छोट्या ब्लूटूथ स्पीकरवर ऐकत होतो, तिथे ते सगळं खाल्लं जायचं. सीडी, साधा ॲम्प्लिफायर आणि वायरचे हेडफोन लावले आणि ट्रँगलची शेपटी ऐकू आली. ठोका वाजून गेल्यावर तो हवेत बारीक होत जातो, आणि पुढचा ठोका तो पुरता विझायच्या आत, पण अगदी काठावर पडतो. दर वेळी. आमच्याकडे टाळकऱ्याचा हात बसलाय म्हणतात ते हेच. हा संच घेणार असाल तर ऐकण्याची सोय आधी नीट करा, स्वस्त असली तरी चालेल, फक्त वरचे बारीक आवाज गिळणारी नको.

अठराव्या शतकातला जर्मन संगीतकार बाख, त्याच्यावरचं प्रेम त्यांनी कुठवर नेलं त्याचा एक नमुना दुसरी सीडी येईपर्यंत सापडतो. १९७३ मध्ये त्यांनी 'ब्लूज ऑन बाख' नावाची रेकॉर्ड केली होती, तिच्यातल्या तीन रचना या कार्यक्रमात आहेत. त्या रेकॉर्डवर चार ब्लूज आहेत: बी फ्लॅटमध्ये, ए मायनरमध्ये, सी मायनरमध्ये आणि 'एच'मध्ये. जर्मन पद्धतीत बी फ्लॅटला नुसतं बी म्हणतात आणि साध्या बीला एच. चारी पट्ट्या ओळीने लावल्या की बाखचं नाव, बी-ए-सी-एच, तयार होतं. यातले ए मायनर आणि एच इथे ऐकायला मिळतात, आणि ब्लूजच्या त्या बारा बारमध्ये जॅक्सन जे करतो ते कोंडलेल्या माणसाचं काम निश्चितच नाही. 'टीअर्स फ्रॉम द चिल्ड्रन' मात्र सरळ बाखच्या एका प्रिल्यूडवरून घेतलेली, आणि रात्री साडेअकराला, गल्ली शांत झाल्यावर ऐकायची आहे.

कमी वाटलं तेही सांगतो. 'कॉन्सिएर्तो दे आरान्हुएझ' मला लांबलेली वाटते. मूळ गिटारची रचना, आणि १९६४ मध्ये लॉरिंडो अल्मेडाच्या गिटारसोबत त्यांनी ती केली होती, तेव्हा ती जास्त जिवंत होती. गिटारशिवाय मध्ये पोकळी जाणवते. बासचा आवाजही स्टुडिओतल्या १९५६ च्या 'फोंटेसा'इतका भरीव नाही. सभागृहाचा दोष असावा, कारण एव्हरी फिशर हॉलच्या आवाजाबद्दल तेव्हा इतकी ओरड होती की १९७६ मध्ये आतून सगळा पाडून पुन्हा बांधला. म्हणजे ज्या खोलीचा आवाज या सीड्यांवर आहे ती खोली दोनच वर्षांनी नाहीशी झाली. हे कळल्यापासून बासबद्दलची माझी कुरकुर कमी झाली आहे.

आणि नावाबद्दल. हा शेवटचा कार्यक्रम ठरला नाही. वेगळे होण्यामागे पैसा हे मोठं कारण होतं. इतकी वर्षं वाजवून मिळकत जेमतेम, याची खंत जॅक्सनने उघड बोलून दाखवली होती. १९८१ मध्ये जपानच्या दौऱ्यासाठी ते पुन्हा एकत्र आले आणि नंतरही वाजवत राहिले. के १९९४ मध्ये गेला, जॅक्सन १९९९ मध्ये, लुइस २००१ मध्ये, हीथ २००५ मध्ये. पण त्या संध्याकाळी वाजवणाऱ्यांना आणि टाळ्या वाजवणाऱ्यांना हे शेवटचंच वाटत होतं, आणि ते ऐकू येतं. मला सर्वांत जास्त आवडणारी गोष्ट त्यांच्या व्यवहारातली आहे: हा क्वार्टेट कुणा एकाच्या मालकीचा नव्हता. चौघे भागीदार. संगीत लुइसकडे, हिशेब हीथकडे, प्रवास आणि हॉटेलं केकडे, लोकसंपर्क जॅक्सनकडे. वाजवण्यातही अशीच वाटणी ऐकू येते.

पहिल्यांदाच ऐकणाऱ्याने दुसऱ्या सीडीपासून सुरू करावं. 'स्केटिंग इन सेंट्रल पार्क', मग 'जँगो', मग शेवटचं 'बॅग्ज ग्रूव्ह'. बाकीचं हळूहळू.

बाबांना आता वरचे बारीक आवाज ऐकू येत नाहीत. पियानो येतो, बास येतो, व्हायब्राफोन बराचसा येतो. ट्रँगल अजिबात नाही, कानाचं यंत्र लावूनही नाही. म्हणून 'गोल्डन स्ट्रायकर' लागलं की मी त्यांच्या शेजारी बसतो आणि कॉनी केचा ठोका पडेल तिथे त्यांच्या मनगटावर एक बोट टेकवतो. काल मधे एकदा मी चुकलो, बोट उशिरा पडलं. ते मान न वळवता म्हणाले, "तो चुकणार नाही. तू चुकलास."