पृथ्वीच्या अंतरंगाचं फोम मॉडेल : गाभा अचूक, प्रावरणाचा घोळ (3/5)

आठवीच्या ‘पृथ्वीचे अंतरंग’ या पाठासाठी हे 30 सेंमी व्यासाचं मॉडेल ऑनलाइन मागवलं. पाव भाग कापलेला आहे, आतले थर सुटे होतात. फोम घट्ट आहे. वर्गभर हाताळूनही कडा उडालेल्या नाहीत.

गाभ्याचं काम सुरेख झालंय. मी पट्टी लावून पाहिलं. या मापात 1 सेंमी म्हणजे साधारण 425 किमी. अंतर्गाभ्याची त्रिज्या 1,220 किमी, म्हणजे इथे 2.9 सेंमी हवी, तेवढीच आहे. भूकवच मात्र सेंटिमीटरभर जाड केलंय. खंडांखाली ते सरासरी 35 किमी, म्हणजे इथे मिलिमीटरही भरणार नाही. रशियात कोलाला 12,262 मीटर खोल विवर खणलं, तेसुद्धा या गोलावर जेमतेम सुईची टोच. आमच्या कोयना परिसरातलं संशोधनाचं विवर तर 3 किमीचं. मुलांना हे पटकन कळतं, कारण 1967चा भूकंप घरोघरी आजी-आजोबांकडून ऐकलेला असतो.

माझा खरा आक्षेप सोबतच्या पुस्तिकेवर आहे. तिच्यात प्रावरण (भूकवच आणि गाभा यांच्यामधला थर) म्हणजे ‘उकळता शिलारस’ असं छापलंय आणि रंगही तसाच लालभडक. हे साफ चूक आहे. भूकंपातून निघणाऱ्या लहरींपैकी दुय्यम (S) लहरी द्रवातून जात नाहीत, पण प्रावरणातून व्यवस्थित जातात. म्हणजे प्रावरण जवळपास सगळं घनच. लाखो वर्षांच्या हिशेबात ते हळूहळू सरकतं, इतकंच. त्या लहरी अडतात त्या 2,900 किमीच्या आसपास, बाह्य गाभ्याशी. तो द्रवरूप आहे हे त्यावरूनच कळलं. पुढे 1936 मध्ये डॅनिश भूकंपशास्त्रज्ञ इंगे लेमन यांनी, जिथे प्राथमिक (P, सर्वांत आधी पोहोचणाऱ्या) लहरी पोहोचायला नकोत तिथे त्यांच्या क्षीण नोंदी पाहिल्या आणि आत आणखी एक गाभा असल्याचं मांडलं. इतकी सुंदर गोष्ट, आणि पुस्तिकेत लहरींवर एक ओळ नाही! थर मोजले कसे, हे न सांगता नुसती नावं पाठ करून घ्यायची का?

मी कापलेल्या बाजूवर मार्करने लहरींचे वक्र मार्ग काढून घेतलेत, गाभ्याशी वळणारे. फोमवर शाई चांगली बसते. शाळेसाठी घ्यायचं तर जरूर घ्या, पण पुस्तिका मुलांच्या हाती देऊ नका. विक्रेत्याला चूक कळवली आहे, अजून उत्तर नाही.