हिरवी खूण, हिरवा ठसा: अळंबी ओळखणाऱ्या ॲपसोबत एक पावसाळा

वर्षाचे ८९९ रुपये भरून हे ॲप जूनमध्ये घेतलं. फोटो काढायचा, दोन सेकंद थांबायचं की नाव येतं, खाली खात्रीची टक्केवारी आणि खाण्याजोगी असेल तर हिरवी बरोबरची खूण. ॲपचं नाव लिहीत नाही, कारण तसलीच आणखी बरीच आहेत आणि हा दोष एकट्या याचाच असेल असं मला वाटत नाही. पाचपैकी दोन तारे देतोय. तेही कशासाठी ते पुढे येईलच.

मी कोल्हापुरात छापखान्यात काम करतो, गाव सावंतवाडीकडचं. आमच्याकडे पाऊस धरला की वारुळांवर अळंबी येते. गोव्यात वारुळाला रोयण म्हणतात आणि तिथली रोयणीची अळंबी रस्त्याकडेला पानात बांधून विकायला ठेवलेली असते. भाव ऐकला की मटण स्वस्त वाटतं. कारणही तसंच आहे. ही बुरशी वाळवी आपल्या वारुळात पोसते, आणि तिची शेती करून बाजार भरणं अजून कुणाला जमलेलं नाही. बटण मशरूमसारखी ती डब्यात मिळत नाही.

जुलैत गावी गेलो तेव्हा पहिली परीक्षा काकीच्या वारुळावरच घेतली. एकाच अळंबीचे तीन फोटो काढले. वरून काढला तेव्हा एक नाव आलं, बाजूने दुसरं, उपटून आडवी ठेवल्यावर तिसरं. तिन्ही नावं युरोपातली, आणि सोबतची नमुनाचित्रं ओक-पाइनखालच्या पालापाचोळ्यातली. आमची टर्मिटोमायसिस, म्हणजे हीच वारुळावरची अळंबी, कुठेच नाही! काकी बाजूला उभी राहून बघत होती. म्हणाली, "तुझ्या मोबायलाक वास येता काय रे?"

मग तिने कोयत्याच्या टोकाने शेजारची माती सैल केली. "वयरसून काय बघतस? मूळ बघ." देठ जमिनीत शिरला तिथे संपतच नव्हता. बारीक होत, काळपट, चिवट होत तो खाली खाली गेला होता, थेट वाळवीच्या घराच्या दिशेने. वीतभर उकरलं तरी टोक हाती लागेना, शेवटी तुटलंच. वर छत्रीच्या मधोमध टणक, टोकदार बोंड होतं. माती फोडून वर यायला तेच कामाला येतं. ॲपने मला छत्रीचा रंग विचारला, आकार विचारला, पण 'खाली मूळ आहे का, वारूळ आहे का' हा प्रश्न एकदाही नाही. (काकी कळ्या काढत नाही आणि वारूळ फोडत नाही. विकायला काढणाऱ्या काहींनी मात्र वारुळंच खणून टाकलीत, तो वेगळाच राग आहे.)

खरा घोळ कोल्हापुरात झाला. ऑगस्टात आमच्या कॉलनीच्या मैदानात गवतावर पांढऱ्या मोठ्या छत्र्या उगवल्या, जवळजवळ गोल रिंगणात. छत्री ताटलीएवढी, वर तपकिरी खवले, देठावर वरखाली सरकणारी कडी. ॲप म्हणालं: मॅक्रोलेपिओटा प्रोसेरा, ९१ टक्के खात्री, आणि हिरवी खूण. युरोपात ही आवडीने खातात. शेजारच्या वहिनी पिशवी घेऊन तयारच होत्या. "भावजी, मोबाईलवर बरोबरची खूण आलीय की!" म्हटलं, वहिनी, उद्या सकाळपर्यंत थांबा.

छापखान्यात कागदाचे तुकडे कायम पडलेले असतात. एक पांढरा आणि एक काळा जोडून घेतला, देठ कापून छत्री त्यावर पालथी ठेवली, म्हणजे माशासारखे कल्ले असलेली बाजू खाली, आणि वर काचेचा वाडगा. रात्रभर बीजाणू, म्हणजे अळंबीची धुळीसारखी बारीक बी, गळतात आणि कागदावर कल्ल्यांची अख्खी नक्षी उमटते. काळा कागद अशासाठी की पांढरे बीजाणू पांढऱ्यावर दिसत नाहीत. सकाळी वाडगा उचलला तर पांढऱ्या कागदावर मळकट हिरवा ठसा. तीस वर्षं शाई बघतोय, हिरव्याला पांढरा म्हणण्याइतके डोळे गेलेले नाहीत. मॅक्रोलेपिओटाचा ठसा पांढरा किंवा सायीच्या रंगाचा येतो, आपल्या रोयणीच्या अळंबीचा फिकट गुलाबी. हिरवा येतो तो क्लोरोफायलम मॉलिब्डायटिसचा. ती खाल्ली की साधारण तासा-तीन तासांत उलट्या-जुलाब सुरू होतात आणि कधी माणूस सलाइनवरही जातो.

यातली मेख अशी की कोवळी असताना तिचेही कल्ले पांढरेच असतात. हिरवट झाक नंतर येते. म्हणजे फोटो कितीही स्वच्छ काढला तरी जो रंग अजून आलाच नाही तो कॅमेऱ्याला कुठून दिसणार? हे ॲपच्या हिरव्या खुणेखाली एका ओळीत लिहिता आलं असतं. मी कंपनीला ठशाच्या फोटोसकट कळवलं. उत्तर आलं, 'आपल्या अभिप्रायाबद्दल आभार'. खूण अजून तशीच आहे.

दुसरी तक्रार 'उपयुक्त सूचना' या विभागाबद्दल. मराठीत आहे म्हणून आधी बरं वाटलं. आत लिहिलंय, किड्यांनी कुरतडलेली अळंबी सुरक्षित समजावी. हे साफ खोटं आहे. गोगलगायी जिवावर बेतणाऱ्या जातीही खातात आणि खुशाल फिरतात. भांड्यात चांदीचं नाणं किंवा लसूण टाकून बघायची घरगुती पद्धतही तितकीच कुचकामी. अमॅनिटा नावाच्या अळंब्यांच्या गटातल्या घातक जातींचं विष शिजवून जात नाही, आणि त्रास सुरू व्हायला सहा तासांपासून दिवसभरही लागतो. मध्ये एकदा बरं वाटतं, तोवर यकृत निकामी होत चाललेलं असतं. आसामात २०२२ च्या एप्रिलमध्ये रानातली अळंबी खाऊन तेरा माणसं गेली, बहुतेक चहामळ्यांतली. अमॅनिटाच्या देठाच्या बुडाशी पिशवीसारखी वाटी असते आणि ती मातीत दडलेली राहते. फोटोसाठी वरच्यावर खुडली की ओळखीची खूण जमिनीतच राहिली. ॲप मात्र शिकवतं, 'देठ हळूच कापा'. आणि कुणाला त्रास झालाच तर उरलेली अळंबी, शिजलेली का असेना, सोबत घेऊन दवाखाना गाठा, हे कुठेच नाही.

आता दोन तारे कशाचे? ॲपमधल्या नोंदवहीचे. तारीख, पाऊस, फोटो, कल्ल्यांचा जवळून काढलेला फोटो, सगळं एका जागी राहतं. रेंज नसतानाही चालतं, गावी ते मोलाचं. शिवाय फुकटच्या आवृत्तीतही ही वही मिळते, म्हणजे ८९९ रुपये मी फक्त त्या हिरव्या खुणेसाठी भरले होते. पुढच्या वर्षीचं आपोआप कापलं जाणारं शुल्क बंद केलं. तो पर्याय सेटिंगमध्ये पाच पायऱ्या आत लपवलाय.

एक मात्र आवर्जून करा: नोंद सगळ्यांना दिसणाऱ्या नकाशावर जाते, ते बंद करा. काकीने अळंबी देताना एवढंच बजावलं होतं, "जागो कोणाक सांगू नको हां." माझ्या वहीत तिच्या वारुळाचं ठिकाण 'घरामागे' असं लिहिलंय. घरामागे तिच्या तर विहीर आहे.